दोरीपलीकडचं मशीन

विलायतेला जाऊन आलेला माणूस सहसा बर्फापासून सुरुवात करतो, नाहीतर एखाद्या पुलापासून. मला बर्फ दिसला नाही, आणि मँचेस्टरची नदी पाहून तापीकाठी वाढलेल्या माणसाला काही फार वाटत नाही. म्हणून मी माझ्या सासऱ्यांपासून सुरुवात करतो. त्या आठवड्यात मी सगळ्यात जास्त पाहिलं ते त्यांनाच.

मी बी.कॉम. आहे, सेकंड क्लास. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे सांगताना मी लाजत नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून मार्केटात साड्यांच्या घड्या, असं करून डिग्री घेतली आहे. आता सुरतेत बमरोलीला एका लूमच्या खात्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे कारखान्याला खातं म्हणतात. त्याच खात्यात माझे सासरे लोटन मिस्त्री लूम दुरुस्त करतात. आम्ही दोघंही खानदेशातले. सासऱ्याला आमच्यात मामा म्हणायचं आणि सासऱ्याने जावयाला जावईबापू. खात्यात मी त्यांचा साहेब, घरी ते माझे वडीलधारे, त्यामुळे आम्ही एकमेकांना इतका मान देतो की कुठलंच काम पटकन होत नाही. मुंबईच्या विमानतळावर दारातून आधी कोणी जायचं यावरून आमच्यामागे रांग लागली होती.

“चला, मामा.”

“तुम्ही व्हा पुढे, जावईबापू.”

शेवटी मागच्या एका सरदारजीने आम्हा दोघांनाही एकदम आत ढकललं.

आमच्या शेठला कळलं होतं की मँचेस्टरच्या आसपास गिरण्या बंद पडताहेत आणि त्यांची रॅपियर मशीनं स्वस्तात मिळताहेत. रॅपियर म्हणजे बिनधोट्याचं लूम. आपल्या जुन्या लूमवर धोटा इकडून तिकडे फेकला जातो. ह्यात एक लांब पट्टी सुताचं टोक धरून आरपार नेते, आवाज कमी आणि कापड दुप्पट. शेठने इंग्रजीसाठी मला घेतलं आणि नजरेसाठी मामांना.

विलायतेच्या विमानतळावर पहिला गोंधळ झाला. सुरतेत प्लेग होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. कस्टमच्या गोऱ्याने पासपोर्टवर सुरत वाचलं आणि तो अर्धं पाऊल मागे सरकला. मग त्याने मामांच्या पिशवीतली लाल मिरचीच्या ठेच्याची डबी उघडून हुंगली आणि लागोपाठ चार शिंका दिल्या. चौथ्या शिंकेनंतर त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून मला वाटलं की आता हा स्वतःच दवाखान्यात जातो. “सांगा त्याला, पाणी पी म्हणावं,” मामा काळजीने म्हणाले. डबी आम्हाला परत मिळाली. बहुधा तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

बोल्टन

बोल्टनला शेठचे चुलतभाऊ नटुभाई राहतात, त्यांच्या घरी आमचा मुक्काम होता. घर लाल विटांचं, शेजारच्या घराला चिकटलेलं, जिना इतका अरुंद की चढणाऱ्याने उतरणाऱ्यासाठी खाली थांबायचं. म्हणजे तिथेही आमचा मानपानाचा घोळ रोज सकाळी होताच. नटुभाईंच्या पत्नी सविताबेन मात्र अगदी सुरती. बाहेर धुकं आणि आत मेथीच्या थेपल्यांचा वास.

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही मशीनच्या दलालाच्या गोदामात काढले. नमुन्याचं एक रॅपियर त्याने चालू ठेवलं होतं. तो इंग्रजीत सांगायचा, मी ते फाईलमध्ये उतरवून शेठला गुजरातीत सांगायचो. मामा दोन्ही दिवस हात मागे बांधून उभे. तोंडातून शब्द नाही. मशीनला पुढे इंग्रजी अक्षरांची पाटी होती, त्यावर लाल-हिरवे दिवे. मामा त्या दिव्यांकडे बघत आणि मी मामांकडे.

शुक्रवारी संध्याकाळी शेठने मला नटुभाईंच्या अंगणात बाजूला घेतलं.

“पाटील, सगाई बाजूए मूक. मिस्त्री नवुं मशीन शीखशे के नहीं? काले सांजे मने हा के ना जोईए.”

नातं बाजूला ठेव, मिस्त्री नवं मशीन शिकेल का, ते उद्या संध्याकाळी मला हो की नाही सांग. हो असेल तर मामा नव्या मशीनचे मिस्त्री. नाही असेल तर कुठलातरी डिप्लोमा झालेला मुलगा आणायचा आणि मामांनी जुन्या लूमवर राहायचं. जुनी लूमं तर नवी आली की भंगारात जाणार होती. मग मामांचं काय, हे शेठने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खरं लिहितो. माझ्या मनात ‘नाही’ होतं. मामा चौथी शिकलेले, वय पंचावन्न. आणि मी हो म्हणालो असतो तर उद्या अख्ख्या खात्यात झालं असतं की सुपरवायझरने सासऱ्याची सोय लावली. नाही म्हणालो असतो तर खातं गप्प बसलं असतं, पण घरी मंगला होती. माझ्या बायकोने निघताना मला एकच गोष्ट सांगितली होती: “माझ्या बापाला तिकडे एकटं सोडू नका.”

मँचेस्टर

शनिवार-रविवार गोरा माणूस काम करत नाही. आमच्याकडे सुट्टी वीज कंपनी ठरवते, ज्या दिवशी वीज नाही तो रविवार. इथे दोन-दोन दिवस वीज असून लोक बसून होते. मामांना हे पटलं नाही. शेठ आणि नटुभाई कुठल्याशा नातेवाइकांकडे जेवायला गेले, आणि मी मामांना मँचेस्टर दाखवायला निघालो. सविताबेननी थेपले बांधून दिले. नटुभाईंनी मामांना आपला कोट दिला, तो मामांच्या गुडघ्यापर्यंत येत होता.

मोठमोठ्या काळपट इमारती पाहिल्या. घड्याळाचा मनोरा पाहिला. शुक्रवारच्या रात्रीनंतर रस्त्यावर जो कागद आणि बाटल्यांचा खच पडला होता, तो मी जरा जास्तच आनंदाने पाहिला. आमच्या सुरतेत तेव्हा नुकती झाडलोट सुरू झाली होती, आणि मला कोणालातरी हे सांगावंसं वाटत होतं. सांगितलं ते एका पोलिसाला. तो काय म्हणाला ते मला कळलं नाही. त्या भागात लोक जे इंग्रजी बोलतात ते आमच्या पुस्तकात नव्हतं.

“काय म्हणाला?” मामांनी विचारलं.

“बरोबर आहे म्हणाला.”

“एवढंच? बराच वेळ बोलत होता.”

मग चित्रांच्या संग्रहालयात गेलो. फुकट होतं. आत शिरताच मधोमध संगमरवराची एक बाई उभी. अंगावर कापड नावाला नाही. सासरा आणि जावई यांनी शेजारी-शेजारी उभं राहून पाहावी अशी ती वस्तू नव्हे. मी वर पाहिलं, मामांनी खाली.

“छत सुंदर आहे,” मी म्हणालो.

“फरशी पण चांगली बसवलीय.”

थोडा वेळ आम्ही असं छत आणि फरशी पाहिली. मग मामा फरशीकडे बघतच गंभीरपणे म्हणाले, “जावईबापू, एवढ्या गिरण्यांचं गाव. बाईला एक लुगडं मिळू नये?”

पुढच्या दालनात मात्र मी मागे पडलो आणि मामा पुढे. तिथे राण्या आणि जमीनदारणींची मोठी चित्रं होती. मी खाली लिहिलेली नावं वाचत होतो. मामा नावांकडे बघतच नव्हते. एका निळ्या झग्यासमोर ते इतका वेळ उभे राहिले की तिथला पहारेकरी जवळ आला.

“हे साटीन आहे,” मामा म्हणाले. “चुणी कुठे मोडलीय बघा. काढणाऱ्याने कापड हातात घेऊन पाहिलंय.” आणि शेजारच्या चित्राकडे बोट दाखवून, “हा चोर आहे. एवढ्या पातळ कापडाला अशी जाड घडी पडते होय? ह्याने मनाने काढलंय.”

पहारेकऱ्याने मला विचारलं की हे गृहस्थ चित्रकार आहेत का. मी म्हणालो, कापडातले आहेत. तो अदबीने बाजूला झाला, आणि त्या दुसऱ्या चित्राकडे त्याने जरा संशयाने पाहिल्याचं मला स्पष्ट आठवतं.

दुपारी बाकावर बसून थेपले खाल्ले. मी हौसेने बटाट्याच्या गरम चिप्स घेतल्या तर दुकानदाराने न विचारता त्यावर व्हिनेगर ओतलं. मामांनी एक चिप तोंडात घातली, डोळे मिटले, कोटाच्या खिशातून ठेच्याची डबी काढली आणि सबंध पुडा सुधारून घेतला.

गिरणी

कापड विणण्याचं संग्रहालय शहराबाहेरच्या एका गावात होतं. बसने गेलो. बंद पडलेली गिरणीच होती ती, चार मजली, लाल विटांची, धुराडं अजून उभं. आत जायला तिकीट. सुरतेत लूमच्या खात्यात शिरायला कोणी तिकीट काढत नाही, तिथून बाहेर पडायला लोक धडपडतात. मामा जिन्यावर मधेच थांबले. मला वाटलं दम लागला.

“तेल,” ते म्हणाले.

खरंच, तोच वास होता. बमरोलीला चपला काढतानाच नाकात शिरतो तो.

वरच्या मजल्यावर लूमची एक रांग होती. मामा पहिल्याच लूमजवळ गेले, वाकले, बाजूने पाहिलं, आणि इतका वेळ माझ्याशी शुद्ध मराठी बोलणारा माणूस एकदम अहिराणीवर आला. “जावईबापू, हाई त आपलं मशीन शे!”

आपलंच होतं. ओतीव पाय तसेच, सूत ठोकणारा हत्ता तसाच, धोट्याची पेटी तशीच. मी पाटी वाचून दाखवली, की अशी मशीनं पूर्वी जगभर चालत असत.

“पूर्वी?” मामा म्हणाले. “परवा परवा मी ह्याचा पट्टा बदलून आलोय.” मग हसून, “मग मलाही इथेच उभा करून जा. गळ्यात पाटी अडकवा. पूर्वी असे मिस्त्री असत.”

मी हसलो. पण संध्याकाळी शेठला जे सांगायचं होतं ते आठवून हसू पुरतं आलं नाही.

कोपऱ्यात एक लूम दोरी लावून वेगळं ठेवलं होतं आणि त्याच्यापुढे सगळ्यात मोठी पाटी होती. मी पाट्या पूर्ण वाचणारा माणूस आहे, पैसे दिलेत तर अक्षर सोडत नाही. पाटीवर लिहिलं होतं की ज्या दिवशी ही गिरणी बंद झाली त्या दिवशी शेवटची पाळी सुटताना हे लूम जसं होतं तसंच जपलं आहे. अर्धं विणलेलं कापड, धोट्यातली शेवटची कांडी, आणि त्या दिवशी तुटलेली ताण्याच्या उभ्या सुताची एक तारसुद्धा. हे मामांना नक्की सांगायला हवं म्हणून मी वळलो तर मामा शेजारी नव्हते.

ते दोरीच्या पलीकडे होते. चष्मा नाकाच्या टोकावर, कोटाचा घोळ काखेत धरलेला, कंबरेत वाकलेले. मी “मामा!” म्हणेपर्यंत सगळं उरकलं होतं. बोटं जिभेला लावली, दोन्ही टोकं पिळली, गाठ मारली, उरलेलं टोक दातांनी तोडलं. मग लूमला हात लावून तो कपाळाला लावला, जसा खात्यात मशीन सुरू करण्याआधी आम्ही सगळेच लावतो.

“तुटली होती,” ते मला म्हणाले. “कुणाचं लक्षच नव्हतं.”

तिथली देखरेखीची बाई धावत आली. वयस्कर, गळ्यात शिट्टी, आणि चेहरा असा की जणू आम्ही गिरणी पुन्हा बंद पाडली. ती भराभर बोलत होती. ह्या तारेला इतकी वर्षं कोणी शिवलं नव्हतं, तिला वर कळवावं लागेल, आमची नावं लिहून द्यावी लागतील, आम्ही कुठे उतरलोय आणि कोणाच्या कामाने आलोय तेही. हिने दलालाला फोन केला तर शेठला माझ्या उत्तराची गरजच उरणार नव्हती. मी तिला म्हणालो, माफ करा, ह्यांना कळत नाही.

तेवढं इंग्रजी मामांना कळलं. त्यांनी कोट नीट केला.

एवढ्यात पलीकडून सुताच्या चिंध्यांना हात पुसत एक उंच म्हातारा आला. त्याचं नाव हॅरल्ड. तो पूर्वी ह्याच गिरणीत लूम दुरुस्त करायचा, त्यांच्याकडे मिस्त्रीला टॅकलर म्हणतात. आता शनिवारी येऊन लोकांना एक लूम चालवून दाखवायचा. त्याने दोरी उचलली, चष्मा लावला आणि त्या तारेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्याला गाठ सापडेना. शेवटी त्याने मामांच्या हातांकडे पाहिलं आणि बाईला म्हणाला, “मी बघतो. तू चहा घेऊन ये जा.”

बाई कुरकुरत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर हॅरल्ड माझ्या कानाशी आला.

“गेल्या हिवाळ्यात झाडूवालीचा ब्रश लागून तुटली होती ही. त्याआधी मशीन हलवताना. खरी शेवटची तार कुठली, देवाला ठाऊक. मीच बांधणार होतो, पण तोवर पाटी छापून आली.”

मी मामांना सांगितलं. मामांचं समाधान झालं. “म्हणजे आपल्यासारखंच आहे इथे.”

पण मग हॅरल्डने खिशातून छोटी कात्री काढली आणि गाठीच्या दोन्ही बाजूंनी तार कापली. पाटीवर तुटलेली लिहिलंय तर ती तुटलेलीच हवी. मामांचा चेहरा उतरला. हॅरल्डने तो गाठीचा बोटभर तुकडा मात्र टाकला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून खिसा थोपटला.

त्यानंतर त्याने आपलं लूम चालू केलं. त्या आवाजाने बाकीचे प्रेक्षक कानावर हात ठेवून मागे सरले. मामांनी मान कलती केली. डावीकडे बोट दाखवून त्यांनी एका पायाने लंगडून दाखवलं. हॅरल्डने कपाळावर हात मारला. धोटा मारणाऱ्या दांड्याचा चामडी पट्टा सैल झाला होता आणि तसलं चामडं आता मिळत नव्हतं. मामांनी हवेत गाडीचं चाक काढलं, ते कापलं, त्याची पट्टी केली, तिला भोकं पाडली. टायरचा पट्टा. आमच्या खात्यात तोच लावतात. हॅरल्ड हसत सुटला आणि त्याने वहीत तसं चित्र काढून घेतलं. दहा-पंधरा मिनिटं दोघं असे हातवारे करत होते. कॉलेज शिकलेला माणूस शेजारी उभा आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

माझी गरज लागली ती चहा पिताना.

हॅरल्डने विचारलं की ही लूमं तुमच्याकडे अजून चालतात का. मी सांगितलं, चालतात, पण आता बदलणार आहेत. त्यावर तो कपाकडे बघत बोलायला लागला आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेलो. त्यांच्याकडेही नवी मशीनं आली होती. तेव्हा ऑफिसातून एक तरणा मुलगा आला, टाय लावून, फाईल घेऊन. आठवडाभर हॅरल्डच्या मागे उभा राहिला. मग त्याने फाईलमध्ये…

मी थांबलो.

“पुढे काय म्हणाले ते?” मामांनी विचारलं.

“मग त्याने फाईलमध्ये एक ओळ लिहिली. आणि ह्यांना घरी पाठवलं.”

“अजून काहीतरी म्हणाले.”

“म्हणाले, मला कोणी विचारलं नाही.”

मामांनी कप खाली ठेवला. “त्यांना विचारा, विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? नवं मशीन जमेल म्हणून?”

मी विचारलं. हॅरल्डने कपातला चहा संपवला. मग खांदे उडवले. “काय माहीत,” तो म्हणाला. “विचारलंच नाही ना.”

परतताना

दुमजली बस होती. मामांना वर, अगदी पुढे बसायचं होतं. बसलो. रस्ता सगळा पायाखालून सरकत होता.

“जावईबापू, शेठनी माझ्याबद्दल तुम्हाला विचारलंय ना?”

खोटं बोलायला वेळ होता, पण मला ते नीट जमत नाही. “हो.”

“कधी सांगायचंय?”

“आज.”

“काय सांगणार?”

“मामा, मी ‘नाही’ सांगणार होतो.”

लग्नाला सहा वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी त्यांना दुखेल असं काही बोललो नव्हतो. एक थांबा गेला, माणसं चढली-उतरली.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “दोन दिवस हात मागे बांधून उभा होतो. माझ्याकडे बघून मीही नाहीच म्हटलं असतं.”

“मग काही बोलला का नाहीत?”

“चालू मशीन बघून काय कळणार? सगळी झाकणं लावलेली. दिवे लुकलुकतात ते काय मशीन आहे? मला ते बंद करून उघडून पाहिजे होतं.”

“अहो मग सांगायचं ना मला!”

मामांना माझं नवल वाटलं. “तुम्ही दलालसाहेबाशी इंग्रजीत बोलत होता. चारचौघांत मध्ये तोंड घातलं असतं तर जावयाचा मान काय राहिला असता?”

मी कॉमर्सचा विद्यार्थी, हिशेब मला येतो. पण दोन दिवस मी ज्याला अडाणीपणा समजून मनाच्या फाईलमध्ये नोंदवत होतो, तो माझाच मान होता हे माझ्या कुठल्या खात्यात बसेना.

घरी पोचलो तर शेठ आलेले होते. मामा स्वयंपाकघरात जेवायला बसले, आणि शेठने मला बाहेरच्या खोलीत गाठलं. “बोल पाटील. हा के ना?”

“शेठ, मिस्त्री आत जेवताहेत. त्यांनाच विचारा.”

शेठने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ह्याला विलायतेचं वारं लागलं. मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी आत हाक मारली, “ओ मिस्त्री! नया मशीन सीखेगा?”

मामा ताटावरून उठले. हात धुतल्याचा आवाज आला, मग ते पुसत पुसत बाहेर आले. उष्ट्या हाताने ते कामाचं बोलत नाहीत.

“शेठ, मशीन बंद करा के खोल के दो. एक दिन. बाद में बोलता हूँ. अभी हाँ बोला तो झूठ, और ना बोला तो भी झूठ.”

शेठ स्वयंपाकघराकडे वळले. सविताबेनना म्हणाले, मिस्त्रीला अजून एक रोटली वाढा.

सोमवारी दलालाने साफ नकार दिला. नमुन्याचं मशीन उघडायचं नसतं, काही बिघडलं तर जबाबदार कोण, वगैरे. मी शेठला सांगितलं. शेठने शांतपणे छत्री उचलली, बॅग उचलली आणि ते दाराकडे चालू लागले. कापड मार्केटात मी हे चालणं शंभरदा पाहिलंय, दारापर्यंत पोचायची वेळ कधी येत नाही. आताही आली नाही. दलालाने बटण दाबलं, मशीन थांबलं, झाकणं निघाली.

मामांनी नटुभाईंचा कोट काढून माझ्या हातात दिला. मशीनला हात लावून कपाळाला लावला. जमिनीवर पुठ्ठा टाकून ते खाली शिरले आणि फक्त पाय बाहेर राहिले. तास गेला. दलाल घड्याळ बघत होता, शेठ मशीनच्या बाहेर आलेल्या त्या दोन पायांकडे. त्या दिवशी माझी फाईल मी उघडलीच नाही, हत्यारांची पेटी घेऊन उकिडवा बसलो होतो. खालून खुडबुड ऐकू येत होती, मधेच मामांचं स्वतःशीच “हं” आणि एकदा मोठ्यांदा हसणं.

मग एक तेलकट हात बाहेर आला. “चौदा-पंधराचा पाना.”

मी घाईघाईने दिला. हात आत गेला आणि लगेच पाना फरशीवर खणकन बाहेर आला.

“आरे, हाऊ नई! चौदा-पंधरा सांगितला तुला! आनि शेठले सांग, जमी माले!”

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. मी शेठला ओरडून सांगितलं, जमेल म्हणतात, आणि दुसरा पाना शोधायला पेटीत डोकं घातलं.